तेलाच्या बाटलीआधी तिसरं औषध बघा

पत्र बरंच मोठं होतं. ओळख पटेल असा मजकूर वगळून थोडक्यात देते.

‘डॉक्टर मॅडम, नमस्कार. आम्ही नागपुरात मानेवाड्याला राहतो. मुलगी साडेचार वर्षांची, वजन १४ किलो. घरी तिला चिऊ म्हणतो. सात महिन्यांची असताना तापात पहिली फिट आली. अर्धा तास थांबलीच नाही, भरती करावं लागलं. तेव्हा फक्त डावं अंग उडत होतं, पुढच्या वेळी उजवं. दोन वर्षांची झाल्यावर ताप नसतानाही फिट यायला लागल्या. गरम पाण्याने आंघोळ घालतानाही आल्या आहेत. फिटसाठी व्हॅल्प्रोएटचं सिरप आणि क्लोबाझामची गोळी चालू आहे. दिवाळीनंतर दुसऱ्या एका डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी कार्बामाझेपिनची गोळी नव्याने जोडून दिली. त्यानंतर फिट जास्तच येऊन राहिल्या, आठवड्यातून दोन-तीन.

माझे दीर पुण्याला असतात. त्यांनी अमेरिकेतल्या एका मुलीचा व्हिडिओ दाखवला, गांजाच्या तेलाने तिच्या फिट थांबल्या. त्यांनीच विजया तेलाची, म्हणजे भांगेच्या तेलाची, बाटली पाठवली. ३० मिली, चार हजार रुपये. सकाळी तीन थेंब, रात्री तीन थेंब देतो. पहिल्या आठवड्यात एकच फिट आली, मग पुन्हा तसंच. आता ती दिवसाही झोपून राहते, जेवत नाही. भाऊजी म्हणतात, केमिकलच्या औषधांनी झोप येते, ती हळूहळू काढून टाका. म्हणून रात्रीचं सिरप अर्धं केलं आहे. सासूबाई म्हणतात, “भांग त महादेवाचा परसाद हाय, त्यानं काय होते?” तेलाचे थेंब वाढवू का? पोलिसांची काही भानगड तर होणार नाही ना? आमच्या डॉक्टरांना यातलं काही सांगितलेलं नाही. ते रागावतील. – चिऊची आई’

चिऊची आई,

पत्रात तुमचा नंबर होता, म्हणून छापून यायची वाट न बघता फोन केला. तेव्हा जे सांगितलं तेच इतर आईवडिलांसाठी पुन्हा लिहिते. सिरप चिठ्ठीत लिहिलंय तेवढं पूर्ण द्यायचं, तेल बंद करायचं आणि दुसऱ्या दिवशीच डॉक्टरांना गाठायचं. फिटचं औषध घरच्या घरी कमी केलं तर एकामागून एक, न थांबणारे झटके येऊ शकतात. त्यात मूल आयसीयूत जातं, कधी जीवही जातो. झोप फार येते, म्हणून सिरप कापायचं नसतं. झोप कशाने येते ते आधी शोधायचं असतं.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या पत्रात तेलावर दीड पान आहे आणि कार्बामाझेपिनवर दोन ओळी. माझी नजर त्या दोन ओळींवरच अडकली.

सातव्या महिन्यात तापासोबत पहिली फिट, तीही लांबलेली. एकदा एक बाजू, पुढच्या वेळी दुसरी. मग तापाशिवाय फिट. गरम पाण्याने फिट. कार्बामाझेपिन सुरू झाल्यावर फिट वाढल्या. हे सगळं एका मुलात दिसलं की बालमेंदूविकारतज्ज्ञाच्या मनात एक नाव येतंच: ड्रावे सिंड्रोम. शार्लोट ड्रावे या फ्रेंच डॉक्टरबाईंनी १९७८ मध्ये त्याचं पहिलं वर्णन केलं. अशा बहुतेक मुलांमध्ये एससीएन१ए नावाच्या जनुकात बिघाड सापडतो. मेंदूतल्या ज्या पेशी इतर पेशींना आवर घालतात, त्या काम करतात सोडियम चॅनलच्या जोरावर, आणि या बिघाडात तेच कमी पडतात. कार्बामाझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन, लॅमोट्रिजिन आणि फेनिटॉइन ही औषधं सोडियम चॅनलच रोखतात. इतर अनेक प्रकारच्या फिटमध्ये ती उत्तम चालतात. ड्रावेमध्ये मात्र आधीच दमलेल्या पेशी आणखी दबतात आणि फिट वाढू शकतात.

चिऊला ड्रावेच आहे असं मी म्हणत नाही. पत्रावरून निदान करणाऱ्या डॉक्टरवर विश्वास ठेवूही नये. पण हा प्रश्न विचारायलाच हवा, आणि तो तेलाच्या आधी. ज्यांनी कार्बामाझेपिन दिली त्यांच्यावर चिडू नका. एकाच बाजूच्या फिटसाठी ते सरळ सुचणारं औषध आहे, आणि सातव्या महिन्याची हकिगत कोणी सांगितली नसेल तर त्यांना कळणार कसं? आणि हे वाचून ती गोळीही मनाने थांबवू नका. ती कशी आणि किती दिवसांत कमी करायची हे डॉक्टरच ठरवतील.

निदान पक्कं करायला जनुकीय चाचणी लागते. रक्ताचा नमुना देऊन ती होते. स्वस्त नाही. पण मुलीच्या आजाराचं नाव कळलं तर पुढची अनेक वर्षं चुकीच्या औषधांत जात नाहीत. एमआरआय नॉर्मल आला, ईईजी (मेंदूच्या लहरींचा आलेख) सुरुवातीला नॉर्मल आला, म्हणून ड्रावे नाही असं होत नाही. तुमच्या फाईलमध्ये असा रिपोर्ट असेल तर त्यावर निश्चिंत राहू नका.

डॉक्टर काही म्हणेपर्यंत तुमच्या हातात असलेलं एक काम आहे. चिऊला आंघोळ कोमट पाण्याने घाला, वाफाळत्या नको. आणि नागपूरचा मे महिना लक्षात ठेवा. ज्या मुलांच्या फिट अंगातली उष्णता वाढली की येतात, त्यांच्यासाठी ४५ अंशांची दुपार तापाइतकीच वाईट. ११ ते ५ बाहेर काढू नका. कूलरमध्ये पाणी आहे का, बघत राहा. लग्नाची वरात, उन्हातलं देवदर्शन, बंद गाडीत वाट बघत बसणं, या सगळ्याला सरळ नाही म्हणा. ताप आला तर पॅरासिटामॉल किती आणि कधी, हे आधीच लिहून घ्या.

आता तुमच्या भाऊजींचा व्हिडिओ. ती गोष्ट खरी आहे. कोलोरॅडोमधली शार्लोट फिगी. आठवड्याला सुमारे ३०० फिट यायच्या, आणि सीबीडी (गांजातला नशा न आणणारा घटक) जास्त व टीएचसी (नशा आणणारा घटक) अगदी कमी असलेल्या तेलानंतर त्या महिन्याला दोन-तीनवर आल्या. २०१३ मध्ये सीएनएनने ते दाखवलं आणि जगभरच्या आईबापांनी बघितलं. व्हिडिओ फॉरवर्ड करताना एक गोष्ट मात्र गळते. तिच्या आजाराचं नाव तिच्या आईवडिलांना ठाऊक होतं. ड्रावे सिंड्रोमच.

एका मुलीच्या गोष्टीवर औषध ठरत नाही, म्हणून पुढे रीतसर चाचण्या झाल्या. २०१७ मध्ये ड्रावेच्या १२० मुलांवरचा अभ्यास छापून आला. निम्म्यांना शुद्ध सीबीडी आणि निम्म्यांना तसंच दिसणारं पण औषध नसलेलं द्रावण, कोणाला काय मिळतंय ते डॉक्टरांनाही ठाऊक नाही. सीबीडीवाल्या गटात महिन्याच्या मोठ्या फिटचा मधला आकडा १२.४ वरून ५.९ वर आला. दुसऱ्या गटात १४.९ वरून १४.१, म्हणजे जवळजवळ तिथेच. सीबीडी घेणाऱ्या १०० पैकी ४३ मुलांच्या फिट निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी झाल्या. पूर्ण थांबल्या फक्त ५ टक्के मुलांच्या.

औषध नसलेल्या द्रावणाच्या गटाचं काय झालं, हेही सांगते. तिथेही १०० पैकी २७ मुलांच्या फिट निम्म्याने कमी झाल्या. काहीही न देता. फिटचा आजार असाच चढतो-उतरतो, आणि नवीन उपाय आपण नेहमी सगळ्यात वाईट आठवड्यात सुरू करतो. पुढचा आठवडा त्याहून बरा जातोच. तेल सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात एकच फिट आली असं तुम्ही लिहिलंत, त्यात मला तेलाचा गुण दिसत नाही.

त्याच औषधाला, एपिडायोलेक्स या नावाने, अमेरिकेच्या एफडीएने जून २०१८ मध्ये मान्यता दिली. ड्रावे आणि लेनॉक्स-गॅस्टो या दोन आजारांसाठी. २०२० मध्ये ट्युबरस स्क्लेरोसिस जोडला गेला. मान्यता या तीन नावांपुरतीच आहे, फिट येणाऱ्या प्रत्येक मुलासाठी नाही. आणि त्या अभ्यासातल्या मुलांनी आधीची औषधं सोडली नव्हती. सीबीडी त्यांच्या जोडीला दिलं होतं. ‘केमिकल काढून टाका’ हे भाऊजींनी स्वतःच्या मनाने जोडलेलं आहे.

तुमच्या बाटलीचा हिशोब करू. लेबलचा फोटो तुम्ही पाठवलात: ३० मिलीत १००० मिलिग्रॅम विजया अर्क. म्हणजे एका मिलीत ३३ मिलिग्रॅम. २० थेंबांचा एक मिली धरला तर दिवसाच्या सहा थेंबांत १० मिलिग्रॅम. तोही अर्क. त्यात सीबीडी किती आणि टीएचसी किती, लेबल गप्प आहे. खऱ्या औषधाचा डोस वजनाच्या किलोला दिवसाला ५ मिलिग्रॅमपासून सुरू होतो आणि आठवड्याने १० वर नेतात. १४ किलोच्या चिऊला म्हणजे १४० मिलिग्रॅम. खऱ्या औषधात ते १.४ मिलीत बसतं, कारण त्याच्या प्रत्येक मिलीत १०० मिलिग्रॅम सीबीडी असतं. तुमच्या बाटलीतून तेवढं द्यायचं तर, अर्क सगळा सीबीडीच आहे असं धरूनही, चार हजारांची बाटली एका आठवड्यात संपेल. आणि अर्कात टीएचसी असेल तर तेवढ्या डोसात काय होईल त्याचा विचारही नको. लहान मुलाला त्याने गुंगी येते, उलट्या होतात, नाडी पळते, श्वास मंद होऊ शकतो. म्हणून थेंब वाढवू का या प्रश्नाला माझं उत्तर: नाही, एकही नाही.

परदेशी बाटली मागवली तर खात्री मिळेल, असं भाऊजी पुढे म्हणतील. २०१७ मध्ये अमेरिकेत ऑनलाइन विकली जाणारी ८४ सीबीडी उत्पादनं प्रयोगशाळेत तपासली गेली. ज्यांच्यात लेबलवरच्याइतकं सीबीडी होतं, अशी फक्त २६ निघाली. १८ उत्पादनांत टीएचसी सापडलं. गांधीबागेतल्या औषधबाजारात शीलबंद पेटीतून फिटचं सिरप घेताना आपल्याला असली शंका कधी येत नाही, कारण त्या बाटलीमागे बॅच नंबर, तपासणी आणि जबाब देणारा माणूस असतो.

चिऊच्या झोपेबद्दल. सीबीडी आणि क्लोबाझाम एकत्र आले की यकृतात क्लोबाझामचा जो अंश तयार होतो तो लवकर बाहेर पडत नाही, साठत जातो, आणि मूल पेंगतं. तुमच्या तेलातलं सीबीडी त्यासाठी कमीच असावं. मग संशय टीएचसीवर आणि नव्या कार्बामाझेपिनवर जातो. तुम्ही वाढलेल्या फिटबद्दल लिहिलं, पण फिटनंतरही मूल तासन् तास झोपतं, तेही यात धरा. व्हॅल्प्रोएट आणि सीबीडी एकत्र असताना यकृताची एन्झाइम्स चढू शकतात. म्हणून खरं औषध देतानाही सुरू करण्याआधी आणि मग एक, तीन आणि सहा महिन्यांनी रक्त तपासतात. तुम्ही तेल दिलंय हे सांगितलंत तर डॉक्टर ही तपासणी करतील. नाही सांगितलंत तर त्यांनी ती का करावी?

उद्या चिऊचं निदान ड्रावे निघालं, तर सीबीडीचा विचार करायला माझी काहीच हरकत नाही. उलट तुम्ही स्वतः विचारा. पण तिथपर्यंत आधी इतर गोष्टी येतात: नको ते औषध काढणं, व्हॅल्प्रोएट आणि क्लोबाझामचा डोस वजनाप्रमाणे आहे ना ते बघणं, मग स्टिरिपेंटॉल, फेनफ्लुरामिन ही औषधं आणि किटोजेनिक (भरपूर स्निग्ध, अगदी कमी पिष्ट) आहार. हा आहार म्हणजे घरी तूप वाढवणं नव्हे, तो आहारतज्ज्ञ हरभऱ्याच्या दाण्यापर्यंत मोजून देतात. सीबीडीही तज्ज्ञाच्या चिठ्ठीवरच मिळवायचं. परदेशातून स्वतःपुरतं औषध आणायचं तर केंद्राच्या औषध नियंत्रकांकडे फॉर्म १२-ए भरून परवाना घ्यावा लागतो, आणि त्यालाही डॉक्टरची चिठ्ठी लागते. खर्चाचा अंदाज असू द्या. एपिडायोलेक्स बाजारात आलं तेव्हा अमेरिकेत वर्षाची किंमत सुमारे ३२,५०० डॉलर होती.

सासूबाईंना काय सांगायचं? धोतराही आपण महादेवाला वाहतो, म्हणून तो नातीला चाटवत नाही. एवढं त्यांना पटेल. त्यांचं सगळंच चूक आहे असंही नाही. कोलकात्यात ओशॉनेसी नावाच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या डॉक्टरने १८४० च्या सुमारास सव्वा महिन्याच्या एका बाळाच्या झटक्यांवर गांजाचा अर्क वापरला आणि गुण आल्याचं लिहून ठेवलं. आपल्याकडच्या वैद्य-हकिमांचा अनुभव बघूनच तो या वनस्पतीकडे वळला होता. वनस्पतीत काहीतरी आहे हे तेव्हाही दिसत होतं. कोणता घटक, किती आणि कोणाला, हे ठरायला पुढची पावणेदोनशे वर्षं गेली.

पोलिसांचं थोडक्यात. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे आणि चरस म्हणजे राळ. नुसती पानं आणि बिया त्यात येत नाहीत. म्हणूनच पानांच्या अर्काची आयुर्वेदिक औषधं परवाना घेऊन बनतात. त्यांच्या लेबलवर उत्पादन परवाना क्रमांक आणि ‘वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे’ असा इशारा असायला हवा. महाराष्ट्रात भांगेवर दारूबंदी कायद्याचेही निर्बंध आहेत. तुमच्या फोटोत परवाना क्रमांक मला दिसला नाही. पानांऐवजी फुलोऱ्यांचा अर्क असेल तर ती बाटली घरात असणंच गुन्हा. दुसरी मागवू नका.

फिट आल्यावर काय करता तेही तुम्ही लिहिलंत, म्हणजे कांदा हुंगवणं, दातांत चमचा आणि हातपाय दाबून धरणं. तिन्ही आजपासून बंद. चमच्याने दात तुटतो आणि श्वासनळीत जातो. तिला कुशीवर वळवा, फ्रॉकचं गळ्याचं बटण सोडा, तोंडातली लाळ बाहेर येऊ द्या आणि घड्याळ बघा. भीतीने दोन मिनिटं दहा वाटतात, म्हणून घड्याळच बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे. तिच्या वजनाला किती फवारे, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. स्प्रे घरात एक आणि अंगणवाडीच्या बॅगेत एक. आणि तो मारला म्हणून वाट बघत बसू नका, १०८ लावा.

डॉक्टरांकडे जाताना एका कोऱ्या कागदावर पहिल्या फिटपासूनची हकिगत लिहा. कोणतं औषध कधी सुरू झालं ते तारखेसह, आणि समोर त्या महिन्यातल्या फिट. फिटचा व्हिडिओ फोनमध्ये असू द्या, चेहरा आणि दोन्ही हात दिसतील असा. भाऊजींना मदतच करायची आहे ना, तर हा तक्ता त्यांच्याकडून करून घ्या, ते काम त्यांना जमेल. ओपीडीत चार मिनिटं मिळतात अशी तुमची तक्रार आहे आणि ती खरी आहे. पण असा कागद समोर आला की तीच चार मिनिटं पुरतात. सरकारी मेडिकल कॉलेजच्या सुपर स्पेशालिटी रुग्णालयात मेंदूविकार विभाग आहे, मानेवाड्याहून लांबही नाही. शक्यतो लहान मुलांच्या मेंदूविकाराचा तज्ज्ञ गाठा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात फिटचा आजार येतो, त्यामुळे अंगणवाडीतून चिठ्ठी घेऊन त्या मार्गानेही जाता येतं.

आणि डॉक्टर रागावले तर रागावू द्या. मीही रागावले असते, मिनिटभर. मग म्हणाले असते की बाटली दाखवा. तीही औषधांच्या पिशवीत टाकून न्या, आणि केस पेपरवर त्यांच्याच हाताने लिहून घ्या: विजया तेल, तीन थेंब दोन वेळा, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, नंतर बंद.